सेल्फ जोरात फिरतो, पण क्वाड बाइकचे इंजिन पकडत नाही

कातळावरचा
नमस्कार मंडळी. आमची हापूसची बाग राजापूर तालुक्यात कातळावर आहे आणि बागेतली कामे सोपी व्हावीत म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही चिनी बनावटीची 125 सीसीची, कार्बोरेटरवर चालणारी क्वाड बाइक घेतली. तिच्या मागे 100 लिटर टाकीची छोटी ट्रॉली जोडून आम्ही फवारणी करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती धुऊन, पुसून, ताडपत्री घालून मांगरात ठेवली होती आणि दिवाळी झाल्यावर बाहेर काढली. बॅटरी पूर्ण उतरली होती म्हणून नवी बसवली, प्लगही नवा घातला आणि टाकीत दोन लिटर ताजे पेट्रोल ओतले. आता सेल्फ मारला की इंजिन छान जोरात फिरते, परंतु एकदाही पकडत नाही.

रस्त्यावर चालवण्याची नोंदणी नसल्यामुळे ती दुरुस्तीला न्यायची तर टेम्पो करावा लागतो आणि मोहोरापूर्वीची फवारणी आठ दिवसांवर आली आहे. गावातल्या मेकॅनिकने न उघडताच सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी, बदलायला सांगितले आहे. सुट्या भागांवर पैसे घालण्यापूर्वी नेमके काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

घाटवाट
हँडलवरचा लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचे बटण, आधी पाहावा. गाडी धुताना किंवा ताडपत्री ओढताना तो सरकतो, आणि अनेक क्वाड बाइकमध्ये तो बंद असतानाही सेल्फ फिरतच राहतो.

नागाव_गॅरेज
दादा, आमच्याकडे अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्या दुरुस्तीला येतात. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या फेऱ्या बंद असतात, त्यामुळे दरवर्षी हंगाम सुरू होताना तुमच्यासारखीच तक्रार घेऊन एकामागून एक गाड्या दारात उभ्या राहतात. त्या अनुभवावरून सांगतो की सेल्फ फिरतो आहे याचा अर्थ बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत, एवढाच होतो. इंजिन पकडायला प्लगवर ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, आणि सिलिंडरमध्ये दाब या गोष्टी योग्य वेळी एकत्र याव्या लागतात. यातले काय हजर नाही ते गाडीच सांगते, मात्र तिला नीट विचारावे लागते.

पहिला प्रश्न प्लगला विचारा. चोक ओढून पाच-पाच सेकंदांचे तीन सेल्फ मारा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट थांबा म्हणजे स्टार्टर तापणार नाही, आणि लगेच प्लग काढून त्याचे टोक पाहा. ते पेट्रोलने ओले आहे की कोरडे, एवढे इथे लिहा. ओला असेल तर आपण ठिणगीच्या मागे लागू आणि कोरडा असेल तर पेट्रोलच्या वाटेने जाऊ. हे कळेपर्यंत कोणताही भाग विकत घेऊ नका.

द्राक्षबाग
आमच्या निफाडच्या बागेत याच जातीची गाडी आहे आणि गेल्या वर्षी तिनेही असाच त्रास दिला होता. आम्ही दोन दिवस कार्बोरेटर खोलून-जोडून थकलो आणि शेवटी सीडीआय बदलला, त्याबरोबर पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. तो डबीएवढा भाग आहे आणि फार महागही नाही. आठ दिवसच हातात असतील तर तो बदलून मोकळे व्हावे, असे माझे मत आहे.

तारा_जोडणी
द्राक्षबाग यांचा अनुभव खरा असणार, पण तो सल्ला म्हणून पुढे देताना थांबले पाहिजे. मी सदतीस वर्षे विद्युत दुरुस्तीचे काम केले आहे आणि सीडीआय हा ज्याच्यावर सर्वांत जास्त वेळा खोटा आळ येतो असा भाग आहे, असे मला वाटते. बदलताना त्याचा तारांचा सॉकेट काढून पुन्हा बसवला जातो, त्या घासण्याने गंजलेले टोक स्वच्छ होते आणि श्रेय नव्या डबीला मिळते. कोकणातल्या दमट हवेत तर हे फारच संभवते.

ठिणगीची तपासणी अशी करा. कातळावरचा यांच्याकडे जुना प्लग शिल्लक असेल, तो इंजिनात घट्ट बसवा, म्हणजे भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. नवा प्लग टोपीत घालून त्याचे आटे सिलिंडर हेडच्या उघड्या धातूला पक्के टेकवा आणि सावलीत सेल्फ मारा. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक आणि मधूनच चुकणारी ठिणगी आजारी. ठिणगीच नसेल तर सीडीआयला जाणाऱ्या तारांतली किल स्विचची तार वेगळी करून पुन्हा पाहा. चिनी बनावटीच्या बहुतेक गाड्यांत ती काळ्या रंगावर पांढऱ्या पट्ट्याची असते आणि ती चासीला टेकली की ठिणगी बंद होते. ती काढल्यावर ठिणगी आली, तर दोष स्विचमध्ये किंवा किल्लीच्या कुलपात आहे. तरीही आली नाही, तर ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी पिकअप कॉइल मीटरने मोजा. साधारण 100 ते 200 ओहमच्या आत आकडा यावा. प्लगच्या टोपीत बहुधा 5 किलोओहमचा रोध असतो, तीही मोजून घ्या, कारण टोपी आतून कुजलेली मी अनेकदा पाहिली आहे. एवढे झाल्यावरच सीडीआयकडे बोट दाखवावे.

कातळावरचा
सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी पुतण्याला हाताशी घेऊन सगळे केले. किल स्विच चालू स्थितीतच आहे. तारा_जोडणी काकांनी सांगितल्याप्रमाणे ठिणगी तपासली. मांगराच्या अंधारात ती स्वच्छ निळी दिसली आणि टचटच आवाजही आला, एकदाही चुकली नाही. म्हणजे सीडीआयचे पैसे वाचले.

नागाव_गॅरेज यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की प्लग पूर्ण कोरडा आहे. त्याला पेट्रोलचा वाससुद्धा येत नाही.

सुमेधा_क
कोरडा प्लग आणि चांगली ठिणगी, म्हणजे अर्धी वाट संपली. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते आणि विद्यार्थ्यांना कायम सांगते की एका चाचणीने दोन शक्यतांपैकी एक कायमची बाद झाली पाहिजे, नाहीतर ती चाचणी करण्यात अर्थ नाही.

पुढची चाचणी अशी आहे. प्लग काढा, त्या भोकातून औषधाच्या ड्रॉपरने पाव चमचा पेट्रोल आत सोडा, प्लग लगेच बसवा, पेट्रोलची बाटली झाकण लावून लांब ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन दोन-तीन ठोके देऊन बंद पडले तर ठिणगी, तिची वेळ आणि दाब हे तिन्ही निदान कामापुरते आहेत आणि पेट्रोल कार्बोरेटरमधून पुढे येत नाही, हे सिद्ध होईल. ठोका मुळीच मिळाला नाही, तर दाबाकडे पाहू. दाब मोजायचे गेज नसेल तर किल स्विच बंद करून प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगा. निरोगी इंजिन अंगठा उडवून लावते.

आणखी एक काम सोबतच करा. कार्बोरेटरच्या वाटीखाली पेट्रोल काढण्याचा एक स्क्रू असतो. तो सैल करून वाटीत साचलेले सगळे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत धरा आणि बाटली अर्धा तास न हलवता उभी ठेवा.

वायकाटो
मी न्यूझीलंडमध्ये एका दुग्धशाळेच्या कुरणांवर काम करतो. इथे गाई वळवायला, कुंपण दुरुस्तीला, वासरांना दूध न्यायला रोज क्वाड बाइकच लागते, त्यामुळे थंडीतल्या पहाटे न पकडणारी इंजिने नेहमीची आहेत. आम्ही एअर फिल्टरच्या नळीत इंजिन सुरू करण्याचा तयार फवारा अगदी थोडा मारतो आणि सुमेधाताईंनी सांगितलेले उत्तर प्लग न काढता मिळते.

ज्यांच्याकडे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची गाडी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट नोंदवतो. किल्ली फिरवल्यावर सेल्फ न मारता शांतपणे ऐकावे. टाकीतला पंप साधारण दोन सेकंद घुंईऽ असा आवाज करून थांबतो. तो आवाज आला नाही, तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा.

नागाव_गॅरेज
वायकाटो, तुमच्याकडे तो फवारा माहीतगार हातात असतो. इथे मात्र तो कुणाला सुचवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. त्यात ईथर असते, ते पेट्रोलपेक्षा फार लवकर पेटते आणि एका फवाऱ्याने भागले नाही की माणूस चार फवारे मारतो. आमच्याकडे एका मुलाने असेच केले, कार्बोरेटरमधून ज्वाळा उलटी आली आणि त्याच्या भुवया जळाल्या. डोळा वाचला हे नशीब. पाव चमचा पेट्रोलने काम भागते आहे तर ती जोखीम कशाला?

वायकाटो
मान्य आहे. मी फवाऱ्याचा सल्ला मागे घेतो. ड्रॉपरची रीत अधिक सुरक्षित आहे.

कातळावरचा
दोन्ही गोष्टी केल्या आणि आता खूप उलगडा झाल्यासारखा वाटतो. ड्रॉपरने पेट्रोल सोडल्यावर इंजिनाने दोन ठोके दिले आणि लगेच थांबले. पाच महिन्यांनी तो आवाज ऐकून पुतण्याने टाळ्या वाजवल्या. अंगठ्याची चाचणीही केली. अंगठा खरोखरच उडाला.

वाटीखालचा स्क्रू सोडल्यावर मात्र धार लागलीच नाही, थेंब थेंब पडत राहिले. बाटली उभी ठेवली तर तळाशी बोटभर गढूळ, किंचित पिवळा द्रव वेगळा बसला आणि वर पेट्रोल तरंगले. दोन्हींमधली रेघ अगदी तेल-पाण्यासारखी स्पष्ट दिसते.

द्राक्षबाग
हे सगळे इथेनॉलचे प्रताप आहेत. पूर्वीच्या पेट्रोलवर आमची जुनी मोटारसायकल सहा महिने उभी राहिली तरी दुसऱ्या किकला सुरू व्हायची. 2025 पासून पंपावर बहुतेक 20 टक्के इथेनॉलचेच पेट्रोल मिळते आणि शेतकऱ्याच्या हंगामी यंत्रांचा विचार कुणी केलेला दिसत नाही. पॉवर टिलर, फवारणी पंप, ग्रास कटर ही सगळी यंत्रे वर्षातले काही महिनेच चालतात आणि उरलेले महिने त्यांच्या टाकीत ते पेट्रोल पडून असते.

सुमेधा_क
हंगामी यंत्रांबद्दलची आपली तळमळ मला पूर्णपणे पटते, पण दोष कशाला किती द्यायचा हे नीट पाहू या. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते, हे खरे आहे. काही प्रमाणापर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेलेच राहते आणि जळूनही जाते. प्रमाण ओलांडले की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते आणि जड असल्यामुळे तळाशी बसते. कातळावरचा यांच्या बाटलीत दिसते तसे. यात एक गंमत अशी की ती मर्यादा 10 टक्क्यांच्या पेट्रोलपेक्षा 20 टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये जास्त असते, म्हणजे वेगळे व्हायला अधिक पाणी लागते. त्यामुळे बोटभर थर साचला आहे तर केवळ दमट हवा पुरेशी नसून टाकीच्या झाकणातून थोडे पावसाचे किंवा धुण्याचे पाणीही आत गेले असावे, असा माझा तर्क आहे. शिवाय शुद्ध पेट्रोलसुद्धा महिनोन्‌महिने वाटीत राहिले की उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर ठेवते.

व्यवहारात महत्त्वाचे हे की पेट्रोल कॉक टाकीच्या तळातूनच ओढतो, म्हणून जुन्या पेट्रोलवर दोन लिटर ताजे ओतल्याने काहीही साधले नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल आणि ते पेट्रोल दुसऱ्या कोणत्याही यंत्रात घालू नये.

तारा_जोडणी
टाकीच्या झाकणाचा रबर वॉशर तपासावा. तो उन्हाने कडक होऊन चिरतो आणि मग पाणी आत जाते.

नागाव_गॅरेज
आता कार्बोरेटर उघडायला हरकत नाही. कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, कॉकची जाळी धुवा आणि कार्बोरेटर गाडीवरून पूर्ण उतरवून पांढऱ्या कापडावर घ्या. त्यातले स्क्रू आणि वॉशर फार लहान असतात. वाटी काढल्यावर मधोमध मोठा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा स्क्रू) दिसेल आणि त्याच्या शेजारी खोल नळीत बारीक पायलट जेट असेल. सुरू होण्याच्या वेळी सगळी मदार या पायलट जेटवर असते. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि एक कण बसला तरी ते बुजते. जेट उजेडाकडे धरून पाहा. आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. बुजलेले असेल तर विजेच्या तारेतला तांब्याचा एकच तंतू काढून हलक्या हाताने आत घाला. पोलादी टाचणी किंवा सुई घालू नका, कारण भोक मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते.

हवेच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो आत हलकेच टेकेपर्यंत किती वेढे जातात ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा आणि नंतर तेवढ्याच वेढ्यांवर परत बसवा. वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुई बोटाने वर-खाली करून ती अडकत नाही ना, तेही पाहा. माझ्या मते तुमची गाडी उद्या संध्याकाळपर्यंत सुरू होईल.

कातळावरचा
गाडी सुरू झाली नाही. काल दिवसभर बसून सगळे काम केले. पायलट जेट पूर्ण बुजला होता. भोकाभोवती हिरवट-पांढरी पूड धरली होती. तांब्याच्या तंतूने ते मोकळे केले आणि उजेड आरपार दिसला. वाटी धुतली, टाकी उलटी करून वाळवली, नवे पेट्रोल भरले. फ्लोटची सुई नीट हलते आणि वेढेही मोजून तेवढेच ठेवले. आता प्लग ओला होतो, म्हणजे पेट्रोल नक्की पोचते आहे. ठिणगी अजूनही निळी आहे. तरीही सेल्फ मारल्यावर एखादा ठोका मिळतो, मग कार्बोरेटरमधून फुस्स करून हवा उलटी येते आणि पुढे काहीच नाही. एअर फिल्टरच्या डब्यात पेट्रोलचा शिडकावा झालेला दिसतो.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, दाब आहे, आणि तरीही हे असे का व्हावे, ते कळत नाही. फवारणीला आता तीन दिवस उरले आहेत आणि रात्री झोप नीट लागत नाही.

तारा_जोडणी
धीर सोडू नका. या लक्षणांवर मला मॅग्नेटची शंका येते. मॅग्नेट क्रँकच्या दांड्यावर एका छोट्या अर्धचंद्राकृती कीने जागेवर धरलेले असते. ती की कापली गेली की मॅग्नेट थोडे सरकते, ठिणगी उत्तमच दिसते, पण ती चुकीच्या क्षणी पडते. मग इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतानाच मिश्रण पेटते आणि कार्बोरेटरमधून उलटे येते. मॅग्नेटचे झाकण काढून नटाखालची की पाहावी.

सुमेधा_क
कीची शक्यता नाकारता येत नाही, परंतु गाडी उभी असताना की आपोआप कापली जात नाही. मॅग्नेट कुणी काढले असेल आणि नट पुरेसा आवळला नसेल तर ते घडते. कातळावरचा, असे काम गेल्या हंगामात झाले होते का? तसे नसेल तर मी आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातले अंतर, पाहीन. या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही बाजूंना थंड असताना साधारण 0.05 मिलिमीटर अंतर ठेवतात. ते अंतर संपले असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि अंगठा उडण्याइतका दाब असूनही इंजिन सुरू होण्याइतका राहत नाही. एक लक्षात ठेवा, प्लग इतक्या वेळा ओला झाला आहे तर पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरले असेल. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइल बदला.

पोफळीची_सावली
मी या विषयातली तज्ज्ञ नाही, गुहागरकडे आमची सुपारीची बाग आहे आणि मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचते आहे. माझ्या एका शंकेचे उत्तर कुठे आले नाही म्हणून विचारते. सेल्फ मारताना सायलेन्सरच्या तोंडातून हवा बाहेर येते का?

गेल्या वर्षी आमचा पॉवर वीडर पावसाळ्यानंतर असाच अडून बसला होता. दोन मेकॅनिक आले आणि गेले. शेवटी आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींनी सायलेन्सरच्या तोंडात काडी घातली तर ती आत जाईना. कुंभारीण माशीने आतमध्ये मातीचे घर केले होते आणि बाहेरून ते सहज दिसत नव्हते. गाडी मांगरात पाच महिने होती, आणि ताडपत्री घातलेल्या मांगराइतकी कोरडी, शांत जागा त्या माशीला पावसाळ्यात दुसरी कुठे मिळणार? मॅग्नेट उघडण्यापूर्वी सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरून पाहावा, एवढेच सुचवते.

कातळावरचा
पोफळीची_सावली ताई, आपले उपकार कसे मानावेत ते कळत नाही.

आपला प्रतिसाद वाचला आणि जेवण अर्धे टाकून टॉर्च घेऊन मांगरात गेलो. पुतण्याने सेल्फ मारला, मी तळहात धरला, हाताला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागली नाही. तोंडाची नळी अंगठ्याएवढीच आहे. टॉर्चचा उजेड आत सोडला तेव्हा वीतभर खोल लालसर मातीची गुळगुळीत भिंत दिसली. छत्रीची तार वाकवून तिने टोकरले तर आधी कोरडी माती आली आणि मग एकामागोमाग एक खण फुटत गेले. प्रत्येक खणात सुकलेल्या बारीक हिरव्या अळ्या दाटीने भरल्या होत्या. एका खणात माशीचे रिकामे, कागदासारखे कवच होते. सगळी माती गोळा केली तर ओंजळीत मावेना. मी इंजिनाच्या एका टोकाला इतके दिवस राबत होतो आणि दुसऱ्या टोकाला एकदाही हात लावला नव्हता.

सुमेधाताईंच्या सांगण्यावरून ऑइलची काडी हुंगली, पेट्रोलचा वास होता, म्हणून सकाळी ऑइल बदलले आणि मगच सेल्फ मारला. दुसऱ्या सेल्फला सायलेन्सरमधून मोठा फटका वाजला, उरलीसुरली माती समोरच्या भिंतीवर उडाली आणि गाडी सुरू झाली. वीस मिनिटे चालवली, बंद केली, पुन्हा लगेच पकडली. मॅग्नेटचे काम कधीच केलेले नव्हते, त्यामुळे ते उघडले नाही.

द्राक्षबाग
वाचून फार आनंद झाला. मी पहिल्याच दिवशी सीडीआय बदला म्हणालो होतो, तो सल्ला चुकीचा होता. आमचा जुना सीडीआय अजून कपाटात आहे. या रविवारी सॉकेट स्वच्छ करून तोच परत लावून पाहतो आणि काय होते ते इथे लिहितो.

सुमेधा_क
पोफळीची_सावली यांचे अभिनंदन. आता मागे वळून पाहिले तर सगळी लक्षणे जुळतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्टच्या फेरीत जळलेला वायू बाहेर गेलाच नाही तर पुढच्या फेरीसाठी ताजे मिश्रण आत यायला जागाच राहत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होता होता इनटेक उघडतो, त्या क्षणी कोंडलेला दाब कार्बोरेटरमधून उलटा येतो. तोच तुमचा फुस्स आवाज आणि फिल्टरमधला शिडकावा. पहिला एखादा ठोका मिळत होता, कारण सायलेन्सरच्या पोकळीत तेवढी जागा शिल्लक होती. अंगठ्याची चाचणीही खोटी ठरली नाही. तिने दाब आहे एवढेच सांगितले, आणि तो होताच. बुजलेला जेट आणि मातीचे घर हे दोन स्वतंत्र दोष एकाच वेळी होते, म्हणून पहिला काढल्यावरही गाडी सुरू झाली नाही. मीही हवेच्या फक्त येण्याच्या वाटेचा विचार केला आणि जाण्याच्या वाटेचा केला नाही. पुढच्या सत्रापासून हे उदाहरण वर्गात सांगेन.

फवारणी आटोपल्यावर टॅपेट मात्र एकदा तपासून घ्या. तीन वर्षांत कधी पाहिले नसेल तर ते काम राहिलेलेच आहे.

नागाव_गॅरेज
आमच्याकडच्या गाड्या पावसाळ्यात शटरच्या आत असतात, म्हणून हे माझ्या डोक्यात आले नाही. आता येणाऱ्या प्रत्येक गाडीला आधी तळहात लावणार. पुढच्या मे महिन्यात गाडी ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा आणि मग वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढून टाका. प्लग काढून चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये सोडा, दोन वेळा सेल्फ मारून ते पसरू द्या आणि प्लग परत बसवा. बॅटरी घरात आणून महिन्यातून एकदा चार्ज करा.

पोफळीची_सावली
सायलेन्सरच्या तोंडात आम्ही आता जुन्या लुगड्याची चिंधी कोंबतो आणि तिचे हातभर लांब टोक बाहेर लोंबत ठेवतो, म्हणजे काढायचे विसरत नाही. टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या बारीक नळीलाही पातळ जाळी बांधावी, कारण माशीला तीही पुरते.

रानवारा
नमस्कार. हा धागा आजच वाचला. माझी 250 सीसीची क्वाड बाइक काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होती, आज सकाळी सेल्फ फिरतो पण पकडत नाही. खूप वेळ चोक ओढून सेल्फ मारला. कार्बोरेटर खोलायला घेऊ का?

कातळावरचा
दादा, अजून काहीही खोलू नका. काल संध्याकाळी आमची पहिली फवारणी पूर्ण झाली, त्यामुळे आज माझ्याकडे वेळ आहे. प्लग काढून पाहा आणि सांगा, तो ओला आहे की कोरडा? आणि सेल्फ मारताना सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला तर वारा लागतो का?

रानवारा
वारा चांगला लागतो. प्लग पेट्रोलने ओलाचिंब आहे.

नागाव_गॅरेज
चोक जास्त झाल्यामुळे पेट्रोल तुंबले आहे. प्लग पुसून वाळवा, तो बाहेर असतानाच किल स्विच बंद करून दोन वेळा सेल्फ मारा म्हणजे आतले पेट्रोल निघून जाईल. दहा मिनिटे थांबा, प्लग बसवा, किल स्विच पुन्हा चालू करा, चोक पूर्ण बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सेल्फ मारा आणि पकडल्याबरोबर थ्रॉटल सोडा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावलेला असू द्या.

रानवारा
तिसऱ्या सेल्फला सुरू झाली. मनापासून आभार.